आधी शेजारी बसून बघ

सदाशिव पेठ,
पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पतसंस्थेची वेबसाइट करायला घेतलीस आणि मला रंग विचारतोयस. रंगांचं नंतर बघू. आधी आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटचं काय झालं ते ऐक.

दोन महिने रात्री जागून केली. वर वाड्याचा मोठा फोटो, खाली संस्थेचा इतिहास. कार्यकारिणी खूश. मग शेजारच्या काकू फोन घेऊन आल्या. "अरे, आज वाचनालय उघडं आहे का, ते कुठे दिसतं यात?" वेळ होती अगदी तळाशी, फिक्या करड्या अक्षरांत. त्यांना ती वाचताच येईना. माझ्या पोटात कालवलं रे.

मग पाच सभासदांना एकेक करून वेबसाइटसमोर बसवलं. पाचच का, तर वेबसाइट वापरायला सोप्या कशा होतील याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशोब आहे: पाच जणांत साधारण ८५ टक्के अडचणी कळतात. त्या दुरुस्त करायच्या, मग पुन्हा नवे पाच. काम एकच द्यायचं, "हवं ते पुस्तक आहे का बघा, आणि मनात येईल ते मोठ्याने बोला." आपण गप्प. हेच फार अवघड. बोट भलतीकडे गेलं की "अहो, वर बघा" तोंडातून निघतंच, आणि तिथेच सगळं फुकट जातं. त्यांच्या घरी सांगायला आपण थोडेच असणार?

'कॅटलॉग'वर कुणी बोटच ठेवलं नाही. 'पुस्तक शोधा' लिहिल्यावर ठेवलं. तिघांनी लेखकाचं नाव इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, उत्तर कोरं. आता दोन्ही लिप्यांतली नावं भरतोय, रोज थोडी. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ : १ हवा, हा सुगम्यतेचा, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही वाचता यावं यासाठीचा जागतिक नियम, तेवढा आणला. ओळींतलं अंतरही वाढवलं, नाहीतर उकार खालच्या वेलांटीला टेकतात.

एका निवृत्त शिक्षिकेने तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आहेत हे पकडलं! पानाची भाषा मराठी अशी नोंदवली, फाँटमध्ये ती सोय होती, आणि दोन्ही अक्षरं आपल्या वळणाची झाली. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास.

दिवाळीत येशील तेव्हा वेबसाइट अर्धवट असली तरी घेऊन ये. काकूंना विचारून ठेवलंय, त्या बसायला तयार आहेत.

तुझाच,
मित्र