मिथुन उल्कावर्षावाला निघालेल्या सईस

सातारा, १० डिसेंबर २०२५

चि. सईस अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की कट झाला, हे विचारत नाही. मामा उद्या पुण्याला येतोय. त्याच्या गाडीत दुर्बीण घालून देतोय, आणि खोक्यात हे पत्र. नाणेघाटाला जाऊ नकोस असं मी म्हटलंच नव्हतं. परत कधी निघणार, एवढंच विचारलं होतं. तेही आता विचारत नाही, कामाचं लिहितो.

रात्र बरोबर धरली आहेस. यंदा वर्षावाचा भर १४ तारखेला आपल्याकडच्या दुपारी येतोय, म्हणजे आपल्या वाट्याला शनिवारची रात्र आणि रविवारची पहाट. उगमबिंदू, म्हणजे उल्का जिथून फुटल्यासारख्या दिसतात ती जागा, मिथुनेतल्या कॅस्टर ताऱ्याच्या शेजारी. तो पावणेआठच्या सुमारास उगवेल आणि अडीचला साधारण ७६ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर येईल. चंद्र पावणेदोनच्या आसपास पूर्वेला उगवेल, एक तृतीयांश उजळ. तो उगवला की कुणीतरी म्हणेलच, आता काय दिसणार, चला निघू. तेव्हा निघायचं नाही. एक तर उगमबिंदू वर यायची वेळ तीच, त्यामुळे चंद्राकडे पाठ केली की उल्का दिसत राहतात. आणि दुसरं म्हणजे... असो. दुसरं तुला माहीत आहे.

ज्युनिअर मुलांना आकडा आधीच समजावून सांग, नाहीतर अकरा वाजताच तोंडं पडतील. ‘तासाला १५० उल्का’ हे छापून येतं ते उगमबिंदू थेट माथ्यावर आणि ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसणारं आकाश धरून (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). तुम्हाला नाणेघाटात ५.५ पर्यंत दिसलं, तर मिथुन वर्षावासाठी त्या आकड्याला २.६ ने भागायचं. शिवाय उगमबिंदूच्या उंचीच्या कोनाच्या साईनने गुणायचं. रात्री दहाला उगमबिंदू जेमतेम २८ अंशांवर असतो, म्हणजे हाती येतात तासाला पंचवीस-सत्तावीस. अडीचला हेच गणित पंचावन्नपर्यंत जातं, त्यातून चंद्र थोडं खाईल. हे गणित फळ्यावर नको, तिथे गेल्यावर त्यांच्याकडूनच करून घे. तुला येतं ते, चांगलं येतं. मागच्या वेळी शाळेतल्या पोरांना तू प्रत समजावलीस तेव्हा अण्णा दारात उभे राहून ऐकत होते. तुला सांगितलं नव्हतं कुणी.

मोजणी नीट करा. कॅस्टरकडेच टक लावून बसायचं नाही. तिथल्या उल्का आपल्याच दिशेने येत असल्यामुळे आखूड दिसतात. त्यापासून चाळीसेक अंश बाजूला, निम्म्या आकाशाच्या उंचीवर नजर ठेवायची. उल्का दिसली की तिची रेघ मागे ओढायची. कॅस्टरपाशी पोचली आणि वेग मध्यम वाटला तर ती मिथुनेची, नाहीतर इतर. या सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या सिंह वर्षावाच्या निम्म्या, म्हणून नवख्या डोळ्यालाही सापडतात. पंधरा-पंधरा मिनिटांचे खण पाडा आणि प्रत्येकाची नोंद वेगळी ठेवा. एकाने ‘ती बघ’ म्हटल्यावर दुसऱ्याने वळून पाहिलेली उल्का दुसऱ्याच्या खात्यात धरायची नाही. लिहायला कागदापेक्षा फोनचं रेकॉर्डिंग बरं, स्क्रीन उलटी ठेवून. एकदा पांढरा उजेड डोळ्यांत गेला की पुन्हा वीस-तीस मिनिटं जातात. गाडीचं दार उघडलं की आतला दिवा लागतो, तो निघतानाच बंद करा. आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याचं नाव मोजणीच्या पहाटेच्या पाळीत घालू नकोस.

दुर्बिणीचं. जुन्नरच्या पुढच्या रस्त्यावर ती हादरणार, कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, हलणारच. आधी मागच्या आरशाचे तीन लॉकिंग स्क्रू सैल कर, मग स्प्रिंगवाले तीन फिरव, एका वेळी पाव फेरा. लॉकिंग स्क्रू आवळताना आरसा पुन्हा किंचित सरकतो, म्हणून शेवटी एकदा तपासायचं. तारा फोकसच्या बाहेर काढून कडी एककेंद्री दिसतात का बघ. नळी खोक्यातून काढून पाऊण तास बाहेर ठेव. आरसा गरम असेल तर गुरू उकळत्या पाण्यात ठेवल्यासारखा दिसतो आणि मुलं म्हणतात दुर्बीण भिकार आहे. नेम धरायचा फाइंडर उजेड असतानाच लांबच्या टॉवरवर जुळवून घे. घाटाच्या तोंडाशी वारा सुसाट येतो, म्हणून दुर्बीण गाडीच्या आडोशाला लाव. कड्याच्या बाजूला अजिबात नको. पश्चिमेला तसाही कल्याण-मुंबईचा उजेड आहे, तिकडे बघण्यासारखं काही नाही. आयपीस, डोळ्याशी लावायची भिंगं, खिशात ठेव. दव धरलं तर शालीने पुसू नकोस, सुमामावशीच्या शालीने तर नाहीच.

आधी शनी. तो साडेबाराच्या पुढे मावळेल, पण दहानंतर पश्चिमेच्या धुरकटात गेलेला असेल. यंदा त्याची कडी बघून मुलं हिरमुसतील. २३ मार्चला पृथ्वीने कड्यांचं प्रतल ओलांडलं, आणि नोव्हेंबरच्या शेवटी कड्यांचा कल पुन्हा अर्ध्या अंशाहूनही कमी झाला, म्हणजे ती जवळजवळ काठावरून दिसतायत. १० मिलिमीटरचा आयपीस लावला की आपल्या नळीतून १२० पट होतं, त्यातही फक्त सुईसारखी रेघ. हेच दाखवण्यासारखं आहे, कारण पुढची बरीच वर्षं ती अशी दिसायची नाहीत. याच वर्षी मार्चमध्ये शनीचे १२८ नवे चंद्र जाहीर झाले, एकूण २७४. बहुतेक काही किलोमीटरचे दगड, तुमच्या दुर्बिणीच्या आवाक्यातले नव्हेत. दहानंतर गुरू, कॅस्टरच्या जोडीदार ताऱ्याच्या, पोलक्सच्या खालीच. १० जानेवारीला प्रतियुती आहे, म्हणजे पृथ्वी सूर्य आणि गुरूच्या मधे येतेय, त्यामुळे बिंब मोठं मिळेल. बाराच्या सुमारास मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, २५ मिलिमीटरने. मग झाकण लाव. उल्का दुर्बिणीतून बघायच्या नसतात.

या उल्का धूमकेतूच्या नाहीत, हे आवर्जून सांग. ३२०० फेथॉन हा पाच-सहा किलोमीटरचा दगड, १९८३ मध्ये उपग्रहाने सापडवलेला. दर १.४ वर्षांनी तो बुधाच्या कक्षेच्याही आत जाऊन येतो.

३आय/ॲटलसबद्दल प्रश्न येणारच. १ जुलैला चिलीतल्या दुर्बिणीने टिपलेला, ओउमुआमुआ आणि बोरिसोव्हनंतरचा सूर्यमालेबाहेरून आलेला तिसरा परका पाहुणा. १९ तारखेला तो आपल्यापासून सगळ्यात जवळ असेल. जवळ म्हणजे २७ कोटी किलोमीटर. सहा इंचीतून पुसट डाग दिसला तरी नशीब, चंद्र असताना आशा धरू नका. परग्रहावरचं यान-बिन काही नाही. त्याच्याभोवती वायूचं आवरण आहे आणि जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला त्यात भरपूर कार्बन डायऑक्साइड सापडला. धूमकेतूसारखाच वागतो आहे.

आणि नारायणगाव लागलं की पुण्यातल्या एनसीआरएची, म्हणजे रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेची, अलकनंदा सांग. विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचं असतानाची, नीट दोन हात असलेली सर्पिल दीर्घिका. इतक्या लवकर अशी घडी बसलेली असेल असं वाटत नव्हतं. पण नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस अँटेनांनी ती शोधली असं कुणी म्हटलं तर दुरुस्त कर. संस्था तीच, पण माहिती जेम्स वेबची होती. तुला कधीपासून तिथे जायचं आहे ते मला ठाऊक आहे. मी बोलत नाही, पण जाशील.

आईला बिबट्याची धास्ती आहे. जुन्नर तालुका आहे, तिचंही खोटं नाही. पडून बघायचं ते गाड्यांच्या मधोमध, एकटंदुकटं कुणी बाजूला जायचं नाही, वाकून तर नाहीच.

मला धास्ती ट्रॉलीची आहे. आता ऊस चालू आहे. नारायणगाव ते मंचर पहाटेचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि उसाचं वाडं मागे एवढं लोंबतं की असता-नसता लाल दिवाही झाकतो. रात्रभर जागलेल्या माणसाला तीन ते सहाच्या दरम्यान डोळे उघडे ठेवूनसुद्धा तीन-चार सेकंद झोप लागते. ताशी साठने तेवढ्यात पन्नास-साठ मीटर गाडी पुढे जाते. चहाने ते थांबत नाही, काच उघडून, गाणी लावूनही नाही. झोपेचा इलाज झोपच आहे. मागे बसलेले सगळे आधीच घोरत असतात, जागं ठेवणारं कुणी नसतं.

पुन्हा शाळा सुरू झाली माझी. राग मानू नकोस. तू चौघांची जबाबदारी घेऊन चालली आहेस, हे मी नानाला दोनदा सांगून झालं, त्याने विचारलंही नव्हतं. तर एवढंच कर: शनिवारी दुपारी जो चालवणार तो तीन तास झोपू दे. पावणेसहाला उजाडायला लागलं की मोजणी बंद करा, तिथेच गाडीत आठपर्यंत झोपा आणि मग निघा. रविवार आहे, कुणाचं काही अडत नाही. सौरभ ‘मला सवय आहे’ म्हणेल. म्हणू दे.

पंधरा मिनिटांच्या खणांचे आकडे मला पाठव, बेरीज मी करतो.

तुझा,
बाबा

ता. क. फाइंडरचा सेल नवा घातलाय, सीआर२०३२, आणि एक जास्तीचा आयपीसच्या डब्यात चिकटवलाय. नाणेघाटात रेंज मिळेल-न मिळेल, तेव्हा परत निघताना जुन्नरला पोचल्यावर मेसेज टाक. आई वाट बघते.