आकाशात पट्टे दिसले की प्रिंटरवाल्याला बोल का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की आम्हा डीटीपीवाल्यांकडे शुभेच्छांच्या कामांची रांग लागते आणि त्यातली बरीचशी सारखीच, गडद निळं आकाश, खाली काळं होत गेलेलं, मधे पणती. आणि दरवर्षी तीच तक्रार, आकाशात पट्टे पट्टे दिसतायत. मग डिझाइनवाला म्हणतो प्रिंटरवाल्याने बिघडवलं, प्रिंटरवाला म्हणतो फाइलच तशी होती, आणि पैसे अडकतात ते प्रिंटरवाल्याचे. मी पण एकदा असाच भांडलोय, आणि चूक माझ्या फाइलची होती, म्हणून हे पत्र लिहितोय.

कारण साधं गणित आहे. आपण नेहमी 8 बिटमध्ये काम करतो, त्यात प्रत्येक रंगाला काळ्यापासून पूर्ण उजेडापर्यंत 256 पायऱ्या. पण गडद आकाशात निळा समजा 14 पासून 44 पर्यंतच जातो, म्हणजे हातात पायऱ्या फक्त 30, लाल-हिरव्याच्या त्याहून कमी. ए-फोर पान 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 ठिपके) 3508 पिक्सेल उंच, त्याला 30 ने भागा, एकेक पट्टा साधारण 117 पिक्सेलचा होतो, छापल्यावर जवळजवळ एक सेंटीमीटर! वर आपला डोळा असा की दोन छटा जिथे भिडतात ती कड तो आहे त्यापेक्षा ठळक करून दाखवतो, हे ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी 1865 सालीच मांडलंय.

आता दोष नक्की कुठे ते बघायचं तर आधी झूम 100 टक्के करा, कारण कमी झूमवर कधीकधी खोटेच पट्टे दिसतात. मग फोटोशॉपमध्ये पट्ट्याच्या कडेला आयड्रॉपर (रंग मोजायचं टूल) फिरवून इन्फो पॅनलमधले आकडे बघा. आकडा एकाने बदलला तर 8 बिटची मर्यादा, दोन-तीनने उडी मारली तर आधी कुठेतरी कर्व्हज किंवा लेव्हल्स (उजेड-अंधार कमीजास्त करायची टूल्स) जास्त ताणलेत, आणि आकडा बदलतच नाही तरी पट्टा दिसतोय तर मग स्क्रीनवर संशय घ्या. स्वस्त लॅपटॉपचे बरेच पॅनल मुळात 6 बिटचे असतात, मधल्या छटा ते भराभर लुकलुकून भासवतात. हे न बघताच नवा मॉनिटर घेणारी मुलं मी पाहिलीत, फार वाईट वाटतं.

उपाय म्हणजे फाइल 16 बिटमध्ये घ्या आणि ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा, नव्याने मारा, हे नव्याने मारणं महत्त्वाचं, कारण पट्टे पडलेली जुनी फाइल नुसती 16 बिट केली तर पट्टे तसेच राहतात. फोटोशॉपच्या ग्रेडियंट टूलला डिथरची (छटांची कड ठिपक्यांनी मिसळण्याची) टिक असते ती चालू ठेवा. मग अॅड नॉइज (दाणा टाकणारा फिल्टर), गॉशियन, मोनोक्रोमॅटिक, 1 टक्का, फार तर दीड, आणि त्यानंतरच 8 बिट करा. बारीक दाणा पडला की पट्ट्याची सरळ कड मोडते आणि डोळ्याला सलग छटा दिसते. चांगल्या चित्रात मुद्दाम दाणा का टाकायचा असं पुष्कळांना वाटतं, मलाही वाटायचं, पण लॉरेन्स रॉबर्ट्स (पुढे इंटरनेटच्या आधीचं अर्पानेट उभारणारे तेच) यांनी 1962 मध्ये कमी बिटमध्ये चित्र पाठवताना हीच युक्ती सांगितली होती. फोटोशॉप परवडत नसेल तर गिंप फुकट आहे, 2018 च्या 2.10 आवृत्तीपासून त्यात 16 आणि 32 बिट दोन्ही चालतं. कोरलड्रॉमध्ये फाउंटन फिलच्या (तिथला ग्रेडियंट) स्टेप्स कमी ठेवल्यात का तेही बघा.

इतकं करूनही काम बिघडतं ते शेवटी, पाठवताना. जेपेग कमी क्वालिटीला सेव्ह केली की ती आधी हा बारीक दाणाच पुसते आणि पट्टे परत येतात, व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं तरी तेच. तेव्हा ग्राहकांना माझी कळकळीची विनंती, फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जमलं तर पीएनजी किंवा टिफ. आणि डीटीपीचे क्लास चालवणाऱ्यांनी टूलची नावं पाठ करून घेण्याआधी एक तास तरी या 256 पायऱ्यांना द्यावा, सीझनच्या आधी दिला तर यंदाच उपयोग होईल.

आपला,
एक डीटीपी ऑपरेटर, कोल्हापूर