‘घर कुठे?’ या प्रश्नापाशी अडलेला व्हिसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणाविषयी प्रवेश, शिष्यवृत्त्या, परीक्षा यांची माहिती वर्तमानपत्रांतून भरपूर मिळते. व्हिसा नाकारला गेला तर पुढे काय, याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. त्यातही आमच्यासारख्या, नोकरीनिमित्त वर्षानुवर्षं परक्या देशात राहणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची अडचण वेगळीच असते. म्हणून हे पत्र.

मुलगी चार वर्षांची असताना आम्ही देश सोडला. जिथे ती वाढली, तिथलं नागरिकत्व तिला नाही. पासपोर्ट मायदेशाचा आणि राहण्याचा परवाना माझ्या नोकरीवर अवलंबून. शाळा संपल्यावर तिला तिसऱ्याच देशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. व्हिसाची मुलाखत तीन मिनिटंही चालली नसेल. ‘शिक्षण झाल्यावर कुठे जाणार?’ ‘घरी.’ ‘घर कुठे?’ इथे ती अडखळली. काचेखालून पासपोर्ट परत आला, सोबत एक छापील कागद. घरी पोहोचेपर्यंत तिने तो हातातून सोडला नाही. घामाने त्याच्या कडा मऊ पडल्या होत्या. रात्री म्हणाली, ‘बाबा, मला खरंच सुचेना, कुठलं घर सांगू?’

चूक माझी होती. फीची तजवीज, बँकेची स्टेटमेंट्स, गुणपत्रिका सगळं मी जमवलं होतं. या एका प्रश्नावर मात्र आम्ही घरात कधीच बोललो नव्हतो.

नंतर नियम नीट वाचले. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतरविषयक कायद्यातलं कलम २१४(ब) विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्याला आधी स्थलांतरितच, म्हणजे कायमचं राहायला येणारा, गृहीत धरतं. तसं नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. या कलमाखालच्या नकाराविरुद्ध अपील नाही, पण पुन्हा अर्ज करता येतो. ऑस्ट्रेलियाने २३ मार्च २०२४ पासून ‘खरा विद्यार्थी’ ही कसोटी लावली. तिथे उत्तरं लेखी द्यायची असतात, प्रत्येकी १५० शब्दांत, आणि कुटुंब, समाज, नोकरी यांच्याशी असलेले बंध विचारले जातात. ब्रिटनमध्ये पैशांचा नियम काटेकोर आहे. ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. एक दिवस जरी ती कमी झाली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. पैसे आईवडिलांच्या खात्यात असतील, तर जन्मदाखला आणि संमतिपत्रही लागतं. जन्मदाखल्यावर आईचं नाव एक आणि पासपोर्टवर दुसरं, हे आपल्याकडे किती घरांत असतं! ते महिनोन्महिने आधी सुधारून घ्यायला हवं.

म्हणजे नकार आला की पहिलं काम एकच, कारण नेमकं काय दिलंय ते शोधणं. पैशांची शंका असेल तर कागदांनी दूर होते, परतण्याबद्दलची शंका नुसत्या कागदांनी होत नाही. ब्रिटनमध्ये, अर्ज देशाबाहेरून केला असेल आणि निर्णयात चूक झाली असं वाटत असेल, तर २८ दिवसांत फेरतपासणी मागता येते. तोच अर्ज, तेच कागद, आठवड्याभरात पुन्हा भरले तर हाती नकारच येण्याची शक्यता जास्त. नकार आला त्याच दिवशी विद्यापीठाला मात्र जरूर कळवावं. आम्ही कळवलं आणि प्रवेश पुढच्या सत्रापर्यंत राखून ठेवला गेला.

एक गोष्ट मला फार कळकळीने सांगायची आहे. एका सल्लागाराने आम्हाला सुचवलं होतं, ‘दुसऱ्या देशात अर्ज करा, आधीच्या नकाराचा उल्लेख नको.’ कृपा करून असं करू नका. बहुतेक अर्जांत आधी कुठे व्हिसा नाकारला होता का, हे थेट विचारतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश अशी माहिती एकमेकांना देतात. फसवणूक केल्याचं ठरलं तर ब्रिटनमध्ये १० वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. नकारातून सावरता येतं, खोटेपणाचा डाग पुसता येत नाही. अठरा वर्षांच्या मुलीच्या माथी तो कशाला?

दुसऱ्या अर्जासाठी मुलीने स्वतः पानभर मजकूर लिहिला. आजी-आजोबा कुठे राहतात, दर सुट्टीत ती त्यांच्याकडे किती दिवस असते, माझा करार कधी संपतो, धाकटा भाऊ कुठे शिकतो, ही पदवी घेऊन तिला कुठे काम करायचं आहे आणि तिथे अशी कामं कोण देतं. लिहून झाल्यावर म्हणाली, ‘मला दोन घरं आहेत, हे सांगायला मी उगाच घाबरले.’ मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. काय होईल ते होवो, या वेळी ती स्वतःचं उत्तर घेऊन जाते आहे.

नातेवाईकांना विनंती आहे, अशा मुलांना दर फोनवर ‘झालं का व्हिसाचं?’ विचारू नका. आणि आपल्याला विनंती ही, की प्रवेशाच्या हंगामात व्हिसा नाकारला गेलेल्या मुलांसाठीही जाणकारांकडून एखादं सदर लिहवून घ्यावं. परदेशातल्या आमच्या ओळखीच्या निदान चार घरांत ते कात्रण जपून ठेवलं जाईल.

आपला,
परदेशस्थ पालक