सुईविना रक्ताची पारख व्हावी

महोदय,

माझी आई रोज सकाळी चहाआधी रक्तातील साखर तपासायला बोट पुढे करते. टोचून टोचून बोटांची टोके निबर झाली आहेत. कधी थेंबच येत नाही, मग मी बोट दाबून धरतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत गोव्यात मधुमेहाचे प्रमाण 26.4 टक्के, देशात सर्वाधिक निघाले. म्हणजे हे घरोघरचेच चित्र.

मधुमेहात तांबड्या पेशी एकमेकींना जास्त चिकटतात, नाण्यांच्या चळतीसारख्या रचल्या जातात आणि रक्त दाट होते. अशा चळतींवरून अल्ट्रासाऊंडच्या लहरी अधिक जोराने परत येतात. त्वचेवर नुसता प्रोब (या लहरी सोडणारे आणि टिपणारे हातातले उपकरण) ठेवून हा फरक टिपण्याचे संशोधन चालू आहे. साखर मोजायला ग्लुकोमीटर लागणारच. पण पायाची जखम चिघळण्याआधी, डोळ्यांवर परिणाम होण्याआधी रक्ताच्या वाहण्याची खबर मिळाली, तर किती जणांचे पाय वाचतील!

बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय आणि फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांत अंतर ते किती? दोघांनी मिळून हे काम हाती घ्यावे आणि सरकारने त्यासाठी येत्या अर्थसंकल्पात तरतूद करावी, ही कळकळीची विनंती.

- एक वाचक, डिचोली