सूचना : दिवाळीचा प्रवास आणि मुलांचे प्रयोग

सर्व सभासदांना नमस्कार. गाडीने गावी निघणाऱ्यांनी टायरची हवा, स्टेपनी आणि ब्रेक आजच तपासून घ्या. सीटबेल्ट मागे बसणाऱ्यांनाही सक्तीचा आहे. आजी-आजोबांनाही आवर्जून लावा. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा. ब्रेक सतत दाबून धरला की तापतो आणि ऐन वळणावर लागत नाही. जागरण करून पहाटे निघणं तर टाळाच. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

बी विंगच्या मुलांनी चष्म्याच्या दांडीला बझर बसवलाय. चालकाची मान पुढे झुकली की तो वाजतो. वायर अजून मधेच सुटते, पण कल्पना फार मोलाची आहे. घरातली बंद खेळणी, छोट्या मोटारी भंगारात देऊ नका, मुलांच्या अशा प्रयोगांसाठी सोसायटीच्या ऑफिसात आणून द्या. सुट्टीत मुलांना वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही जरूर दाखवा.

– सचिव