नाटकाची जाहिरात छापता, मग प्रयोग किती तासांचा ते पण छापा न!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिवाळा लागला की तुमच्या पेपरात नाटकांच्या जाहिराती सुरू होतात, नटांचे मोठ्ठे फोटो, "फक्त एकच प्रयोग", "भव्यदिव्य", खाली तारीख अन् तिकिटाचे भाव. सगळं असतं, पण ज्याला घरची मंडळी घेऊन जायचंय त्याला जे पाहिजे ते नेमकं नसतं. प्रयोग किती तासांचा? मध्यंतर कधी? लहान पोराला आणायचं की नाही? गाडी कुठं लावायची? काहीच नाही. खरं म्हणजे एवढंच सांगायला हे पत्र लिहून राहिले, पण बसलेच आहे तर आमची फजिती पण सांगते, म्हणजे पहिल्यांदा जाणाऱ्यांची तरी होणार नाही.

गेल्या हिवाळ्यात एका मोकळ्या पटांगणावर मोठं ऐतिहासिक महानाट्य होतं. आयोजकांचं नाव घेत नाही, अर्धी चूक आमचीच होती. मी, आमचे हे, सासूबाई (वय ७४, दोन्ही गुडघे कामातून गेलेले) अन् माझा भाचा, सहा वर्षांचा. जाहिरातीत वेळ साडेसहा. आता आपल्या नागपुरात साडेसहा म्हणजे सव्वासात, पंगत असो की सत्कार, त्या हिशोबानं आम्ही आरामात चहा घेऊन निघालो, पावणेसातला पोचलो, गाडी लावायला वीस मिनिटं गेली, अन् गेटवर पोचतो तर आत नगारे वाजून राहिले. गेटवरचा मुलगा म्हणे, काकू थांबा, हा प्रसंग संपू द्या मग सोडतो. मी तणतणले न! तिकीट काढलंय, फुकटात आलो नाही वगैरे. तेवढ्यात बाजूनं धडधड आवाज आला अन् चार घोडे आमच्यासमोरून, ज्या वाटेनं आम्ही खुर्च्यांकडे जाणार होतो त्याच वाटेनं, दौडत स्टेजकडे गेले. मी गपगार. महानाट्यात पात्रं नुसती विंगेतून (स्टेजच्या बाजूच्या आडोशातून) येत नाहीत, प्रेक्षकांच्या मधून येतात, घोडे, मशाली, पालख्या सगळं. उशिरा येणाऱ्याला अडवतात ते माज म्हणून नाही.

मग अंधारात आमची वरात. सासूबाईंना ठेच लागू नये म्हणून मी मोबाईलचा टॉर्च लावला तर चार बाजूंनी "ओ ताई, बत्ती बंद करा!" आता पोराला धरू की सासूबाईंना की टॉर्च बंद करू. खुर्च्यांवर टेकलो तर तिसऱ्याच मिनिटाला तोफ धडाडली, भाचा असा किंचाळला की पुढच्या चार रांगा मागे वळून पाहू लागल्या. पुढचा पाऊण तास त्याचं तोंड माझ्या पदरात. महागाचं तिकीट काढून आम्ही स्पीकरच्या अगदी पुढ्यात बसलो होतो हे मला नंतर कळलं.

सीटबद्दल आधी हे बोलते, कारण यात लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. पहिली रांग म्हणजे भारी असं आपल्या डोक्यात बसलंय, लग्नातल्या सोफ्यामुळे असेल. पण ज्या नाटकाचा सेट दोन-तीन मजली आहे तिथं पहिल्या रांगेत मान मोडते, अन् डावीकडे राजा उजवीकडे फौज असलं की टेनिसची मॅच पाहिल्यासारखं होतं. पटांगणावर मधल्या नाहीतर त्याच्याही मागच्या रांगा बऱ्या, सगळं चित्र एकदम दिसतं. हॉलमधलं साधं नाटक असलं, म्हणजे घरातलं, चार-पाच पात्रांचं, तर पुढून पाचवी ते दहावी रांग, मधोमध, चेहरे दिसतात अन् सेट पण दिसतो. अगदी कडेच्या खुर्च्या घेतल्या तर तिकडच्या विंगेतला पंखा दिसतो अन् इकडचं पात्र दिसत नाही. बाल्कनीच्या खाली अगदी मागे बसलं तर कधी कधी आवाज दबलेला येतो. म्हातारं माणूस सोबत असेल तर मात्र हे सगळं सोडा, मधल्या वाटेलगतची कडेची खुर्ची घ्या, उठता-बसता येतं.

आणखी एक. पटांगणावरच्या मोठ्या प्रयोगात संवाद बहुतेक वेळा आधी रेकॉर्ड केलेले असतात, स्टेजवरची माणसं त्यावर हावभाव करतात. आमचे हे मध्येच म्हणाले, अरे हे तर बोलतच नाहीत, फसवलं! फसवलं नाही हो. दीड-दोनशे लोक, घोडे, लढाई, अन् स्टेज एवढं लांबरुंद, प्रत्येकाच्या गळ्यात माईक बांधून तलवारी कशा फिरवणार. हा प्रकारच वेगळा आहे. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या 'जाणता राजा'नं महाराष्ट्राला अशा हत्ती-घोड्यांच्या नाटकाची चटक लावली, तिथं नटाच्या डोळ्यातलं पाणी पाहायला जायचं नसतं, दरबार उभा राहताना पाहायला जायचं असतं. डोळ्यातलं पाणी पाहायचं तर हॉलमध्ये जा. दोन्हीची मजा आहे, पण कशाला निघालोय ते घरून निघताना माहीत पाहिजे.

अन् थंडी! उन्हाळ्याच्या नावानं बोंबलता बोंबलता आपण नागपूरकर विसरतो की डिसेंबरात इथं काय होतं. २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशावर गेला होता. सात वाजता बरं वाटतं, नऊ वाजता मोकळ्या मैदानात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलं की खालून गार लागतं, मग नाटकात अफझलखान येवो की कुणी येवो, लक्ष सगळं कानटोपीत. आमच्याकडे चौघांत मिळून एक स्वेटर अन् सासूबाईंची शाल. त्या शालीत तिघं.

गंमत म्हणजे हे सगळं माझ्या माहेरी कुणाला सांगावं लागत नाही. माझं माहेर ब्रह्मपुरीकडचं, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं. दिवाळी झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते अन् रात्री नाटक, वडसा गावच्या नाटक कंपन्या येतात, रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. तिथली शेतावर काम करणारी बाई बरोबर ब्लँकेट घेते, शेंगदाणे बांधून घेते, पोराला आधीच झोपवून मांडीवर घेते, अन् नाटकातलं गाणं आवडलं तर वन्समोअर पण घेते. तिला माहीत असतं की रात्र काढायची आहे. आपण शहरातले, आपल्याला सिनेमाची सवय, मध्येच जा, मध्येच या, पॉपकॉर्न खा, पडद्यावरच्या माणसाला काही फरक पडत नाही. पण नाटकात समोरचा माणूस जिवंत आहे, त्याला तुम्ही ऐकू येता.

हे मला कसं कळलं ते सांगायची लाज वाटते पण सांगते. महानाट्यानंतर दोन महिन्यांनी आम्ही दोघं एका बंद हॉलमध्ये गाजलेलं नाटक पाहायला गेलो. या वेळी शहाणपण केलं, अर्धा तास आधी, फोन सायलेंटवर, सगळं. दुसऱ्या अंकात एक प्रसंग असा की बाप नि मुलगी समोरासमोर, कुणीच बोलत नाही, नुसती शांतता, हॉलमध्ये सुई पडली तर ऐकू यावी, अन् माझ्या पर्समध्ये टिंगटिंगटिंगटिंग. सासूबाईंच्या आठ वाजताच्या गोळीचा अलार्म! फोन सायलेंटवर असला तरी अलार्म वाजतो हे किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं. पर्समध्ये हात घातला तर किल्ल्या, रुमाल, बडीशेप, फोन सोडून सगळं हाताला लागलं. तो नट थांबला. बोलला काही नाही, माझ्याकडे पाहिलं पण नाही, नुसता तसाच उभा राहिला टिंगटिंग बंद होईपर्यंत, अन् मग पुढचं वाक्य घेतलं. पण ती शांतता काही परत आली नाही, मला पण कळलं, सगळ्या हॉललाच कळलं. मोबाईलमुळे नटांनी प्रयोग थांबवल्याच्या बातम्या वाचून मी आधी म्हणायची, किती नखरे यांचे. आता म्हणत नाही. म्हणून सांगते, सायलेंट नको, बंदच करा. तेवढे दोन-अडीच तास जग चालतं आपल्याशिवाय.

अन् तो स्क्रीनचा उजेड पण. दोन प्रवेशांच्या मध्ये पूर्ण अंधार करतात तेव्हा आपल्याला वाटतं काही चालू नाही, चला व्हॉट्सअ‍ॅप पाहून घेऊ. त्याच अंधारात बॅकस्टेजची पोरं टेबल-खुर्च्या उचलून पळत असतात, जमिनीवर चमकणारी चिकटपट्टी लावलेली असते त्या खुणेवर ठेवतात, नट अंधारातच आपल्या जागेवर येऊन उभा राहतो. अशा वेळी पुढच्या रांगेतून कुणी फ्लॅश मारला की त्याच्या डोळ्यासमोर काजवे. फोटो काढायचेच असतील तर नाटक संपल्यावर सगळे कलाकार नमस्काराला समोर येतात, तेव्हा विचारून काढा. त्यासाठी शेवटपर्यंत थांबावं मात्र लागतं, पार्किंगमधून आपली गाडी आधी निघावी म्हणून शेवटच्या प्रवेशात उठून पळणारे आपल्यात कमी नाहीत.

पार्किंगचं दुःख खरं आहे, ते मान्य. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह २०१७ ला सुरू झालं, जवळपास दोन हजार माणसं बसतात, ती सगळी एकदम बाहेर पडली की विचारूच नका, अन् मेट्रो तिकडून जात नाही. सिव्हिल लाइन्समधल्या देशपांडे सभागृहाच्या बाहेर रात्री ऑटो मिळेलच याचा भरवसा नाही, म्हणून येतानाच जायचं ठरवून ठेवावं. मेट्रोनं जाणाऱ्यांनी शेवटची गाडी किती वाजता ते आधी पाहून घ्यावं, नाटक लांबतं, गाडी थांबत नाही. (देशपांडे सभागृहाचा विषय निघाला म्हणून, ते ज्या गायक डॉ. वसंतराव देशपांड्यांच्या नावाचं आहे त्यांनी १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली'मध्ये खाँसाहेब उभे केले, अन् ते नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर आपल्या नागपूरचे. आपल्या पोरांना हे माहीत नसतं, त्यांना फक्त सिनेमा माहीत आहे.)

हॉलमधल्या घंटांचं पण नव्या माणसाला कुणी सांगत नाही. पहिली घंटा म्हणजे चहा संपवा, दुसरी म्हणजे खुर्चीवर बसा, तिसरी म्हणजे पडदा. मध्यंतरात पण घंटा होते. पण मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं, बायकांच्या बाथरूमची रांग अख्ख्या मध्यंतरापेक्षा मोठी, म्हणून आलुबोंडा की बाथरूम यातलं एकच काहीतरी निवडावं लागतं. मी दोन्ही करायला गेले अन् कागदात गुंडाळलेला आलुबोंडा घेऊन अंधारात आले, त्या कागदाचा आवाज किती होतो ते तेव्हा कळलं.

फुकट पासचं एक राहिलं. महोत्सवांमध्ये पास वाटतात, पण पास मिळाला म्हणजे खुर्ची मिळाली असं नाही, बऱ्याचदा आधी येईल तो बसेल असंच असतं, पासावर मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा. ऑनलाइन तिकीट काढलं तर गेटवर नेटवर्क नसतं हे धरून चाला अन् स्क्रीनशॉट घरूनच काढून ठेवा.

तर संपादक साहेब, माझं मागणं फार नाही. जाहिरात आयोजकांची असते, ते पैसे देतात, त्यात तुम्ही काय छापणार हे मला समजतं. पण "आज शहरात" म्हणून तुमचं जे सदर येतं त्यात नाटकाच्या नावापुढे चार गोष्टी टाका: प्रयोग किती वेळाचा, मध्यंतर आहे की नाही, तोफा-धूर-भगभगते लाइट आहेत का (दमेकऱ्यांना अन् फीट येणाऱ्यांना हे कळायलाच पाहिजे), अन् चाकाची खुर्ची आत जाते का. आपल्या महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'चे तिन्ही भाग सलग आठ-नऊ तास लोकांनी बसून पाहिलेत, का, तर आठ-नऊ तास आहे हे माहीत होतं म्हणून, डबे घेऊन गेले असतील. माणूस लांबीला भीत नाही हो, माहीत नसण्याला भीतो.

अन् आयोजकांनी वेळ साडेसहा लिहिली तर साडेसहालाच सुरू करावं, त्या दिवशी केलं तसं. मी तेव्हा तणतणले पण ते बरोबर होतं.

येत्या रविवारी परत एका नाटकाला चाललोय. गोळीचा अलार्म काढून टाकलाय, गोळी साडेपाचला देऊन चालेल का ते डॉक्टरांना विचारून घेतलं, चालते म्हणाले. भाचा घरीच राहणार. सासूबाईंना विचारलं येता का, मला वाटलं नाही म्हणतील, तर म्हणतात, "मले कडीची खुर्ची घेजो, अन् तुहा तो फोन घरीच ठिवजो."

आपली नियमित वाचक,
त्रिमूर्ती नगर, नागपूर