मार्चमध्ये जा

वाई, ९ जानेवारी

चि. मीनल हीस अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच ठेवला, आणि रागानेच ठेवला. रात्रभर डोळा लागला नाही. आता पत्र लिहायला बसलोय ते गाडीचा विषय काढायचा नाही असं ठरवून.

तू पाठवलेले कागद तीनदा वाचले. उभा जन्म तलाठ्याच्या दप्तरात गेला, मला असलं वाचायला फार आवडतं. जावईबापूंची ती खापरपणजी, विधवा बाई, चार पोरांना घेऊन १८८४ साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात १६० एकर सरकारी जमिनीसाठी अर्ज करते! १८६२ च्या त्या होमस्टेड कायद्यात कुटुंबप्रमुख बाईलाही जमीन मिळत होती, हे मला ठाऊक नव्हतं. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि मग दोन शेजारी साक्षीला उभे करायचे. त्या साक्षी म्हणजे आपला पंचनामाच गं. घर मुळांसकट कापलेल्या गवताळ मातीच्या थरांचं, चौदा बाय सोळा फूट. दार एक, खिडक्या दोन. विहीर एक. चाळीस एकर नांगरट. खिडक्या मोजून लिहिणाऱ्या त्या कारकुनाला माझा नमस्कार सांगावासा वाटला.

एक मात्र डोळ्याला खटकलं. आपल्या फेरफारात आधीचा खातेदार कोण ते असतं. इथे तिच्याआधी फक्त सरकार. तो मुलूख पॉनी या तिथल्या आदिवासी जमातीचा होता. १८५७ च्या तहापर्यंत त्यांची बहुतेक जमीन गेली, उरलेला तुकडाही १८७० च्या दशकात सोडून त्यांना ओक्लाहोमाकडे जावं लागलं. ईशानसाठी वंशावळ लिहिते आहेस ना, मग हेही लिही. नोंद करायची तर पूर्ण करावी.

आणि ते मुलांचं. १८८५ च्या शिरगणतीत चार नावं. १९०० च्या शिरगणतीत आईलाच विचारलंय, मुलं किती झाली, हयात किती. चार झाली, तीन हयात. १८९० ची शिरगणती तर १९२१ च्या आगीनंतर जवळपास काहीच उरली नाही, म्हणजे मधलं विचारायचं कोणाला? त्या चौथ्याचं थडगं शोधायला तू निघालीस, हे मला कळतं. पण मी इथे बसून १२ जानेवारी १८८८ चं हिमवादळ वाचत होतो. सकाळी हवा उबदार होती, माणसं साध्या कपड्यांत बाहेर पडली, आणि मग वादळाने एकदम गाठलं. शाळेतून घरी निघालेली पोरं वाटेतच गारठून गेली. दोनशेच्या वर माणसं गेली म्हणतात. ते पोर तेव्हाच गेलं असं मी म्हणत नाही, तापानेही गेलं असेल. पण तारीख बघ. आणि तू याच आठवड्यात, चार तासांची वाट, मागच्या सीटवर दोन वर्षांचा ईशान, बर्फात एकटी.

बघ, आलाच गाडीचा विषय.

हवामान बघून निघ, टाकी भरून घे, गाडीत दोन घोंगड्या ठेव, गाडी अडकली तर आतच बस, चालत निघू नकोस... हे सगळं तुला माझ्याहून जास्त कळतं. बारा वर्षं काढलीस त्या थंडीत. माफ कर. पण मला भीती वाटते ती मी स्वतः काय केलं होतं ते आठवून. पीकपाहणीला तुला सोबत नेलं होतं, तू सात वर्षांची, ओढा चढलेला. थांबायला हवं होतं. तुला खांद्यावर घेऊन उतरलो. मध्यावर पाय सरकला आणि तुझी एक चप्पल गेली. तू हसत होतीस, माझे केस घट्ट धरून. आई चार दिवस बोलली नाही माझ्याशी. ते पाणी अजून माझ्या पोटऱ्यांना लागतं.

एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या परक्या बाईच्या लेकरासाठी तुझा जीव तुटतो, याचा मला फार अभिमान आहे. कालच्या रागात तो सांगायचाच राहिला. थडगं कुठे जात नाही. मार्चमध्ये जा, जावईबापूंना घेऊन जा.

जायचंच असेल तर निघताना फोन कर, पोचल्यावर कर. आमच्याकडे रात्र असेल, असू दे. फोन उशाशी ठेवतो. आई विचारते, ईशानचं लोकरीचं टोपरं पोचलं का? कानावर बसतंय ना नीट?

तुझे,
बाबा